उभी फटफटी आणि उसाचे पेट्रोल

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासार आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी या तालुक्यांतल्या वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्याची वाट धरतो. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेळी-करडू आणि शाळा सुटलेली पोरे ट्रकमध्ये चढतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि पुष्कळशा घरांच्या ओसरीत गोणपाट पांघरून उभी केलेली मोटारसायकल. हंगाम संपवून कुटुंब परत येते ते पाडव्याच्या आगेमागे. बाजाराला, दवाखान्याला किंवा मुलाच्या दाखल्यासाठी तालुक्याला जायचे म्हणून घरधनी गाडी बाहेर काढतो. किक मारून मारून पाय भरून येतो, पण गाडी दाद देत नाही. शेवटी ती ढकलत मेकॅनिककडे न्यावी लागते. तो कार्बोरेटर उघडतो, तेव्हा त्याच्या तळच्या वाटीत पिवळट चिकट साका बसलेला असतो, जेटचे बारीक छिद्र बुजलेले असते, धातूवर पांढुरके चट्टे पडलेले असतात आणि टाकीपासूनची रबरी नळी फुगून मऊ झालेली असते. 'पेट्रोल बसून खराब झालं' असे निदान होते आणि फडात राबून मिळवलेल्या मजुरीतील काही दिवसांची मजुरी तेथेच खर्ची पडते.

घटना लहान आहे. वर्तमानपत्रात तिची बातमी होत नाही आणि विधानसभेत तिच्यावर लक्षवेधी सूचना येत नाही. परंतु या लहान घटनेत आजच्या अर्थव्यवस्थेची एक मोठी विसंगती उघडी पडलेली आहे. टाकीतील त्या पेट्रोलात शेकडा वीस भाग इथेनॉल होते. आज देशातील इथेनॉलचा मोठा वाटा मका आणि तांदूळ यांपासूनही येतो हे खरे. पण महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की ते प्रथम उसाचे. ज्या उसातून हे इंधन निघते तो ऊस ज्या हातांनी तोडला, त्याच हातांना पाच महिन्यांनंतर बंद पडलेली गाडी ढकलावी लागते. नफा, अनुदान आणि प्रतिष्ठा यांची वाटणी वरच्या वर होते. बिघाड मात्र तळाशी साचतो.

धोरणाची वाटचाल

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, इंधन म्हणून मद्यार्काच्या वापरासंबंधीचा कायदा केंद्राने केला होता. तो अर्धशतक कागदावर राहून २००० साली रद्द झाला. त्यानंतर २००१ मध्ये मिश्र पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना आली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत वीस टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. ते पुढे अलीकडे ओढण्यात आले. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत बंगळूरु येथे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचा, म्हणजे ई-२० चा, शुभारंभ झाला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे लक्ष्य पूर्ण झाल्याचे केंद्राने अभिमानाने सांगितले. जे काम बारा वर्षांत व्हावयाचे होते ते सात वर्षांत झाले.

या घाईचे समर्थन करणारे युक्तिवाद पोकळ नाहीत. आयात तेलावरचे परकीय चलन वाचते. साखरेचे भाव कोसळले तर कारखान्याला दुसरा आधार मिळतो आणि शेतकऱ्याची थकबाकी फेडण्याची शक्यता वाढते. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून आजवर मळी ही एक डोकेदुखी मानली जात होती. तिचे मोल वाढले. म्हणून समाजवादी विचाराच्या माणसाने इथेनॉलला सरसकट विरोध करणे हे अविवेकाचे ठरेल. एखादे तंत्र कोणाच्या हिताचे ठरते हे त्या तंत्रावर नव्हे, तर त्याचे लाभ आणि जोखीम समाजात कशी वाटली जाते यावर अवलंबून असते. प्रश्न तेवढाच आहे, आणि तो टाळता येण्याजोगा नाही.

सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०२१ च्या जूनमध्ये निती आयोगाने प्रसिद्ध केला. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या दुचाकींची इंधनक्षमता ई-२० मुळे तीन ते चार टक्क्यांनी, तर तशाच चारचाकींची सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज त्यात दिलेला आहे. याचे कारण सरळ आहे: एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून ग्राहकाची भरपाई व्हावी यासाठी मिश्र पेट्रोलवरील करात सवलतीचा विचार करावा आणि जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोलही उपलब्ध राहावे, अशी दृष्टी त्या अहवालात होती. पुढे काय झाले? वीस टक्क्यांचे लक्ष्य उचलले गेले. त्याला जोडलेली संरक्षणे गळाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, की इथेनॉलचा सरासरी खरेदी दर वाहतूक व करासह लिटरला ७१ रुपये ३२ पैसे इतका झाला असल्याने आता स्वस्ताईचा प्रश्न उरत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण स्पष्ट लिहिले जावे, यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचे दार बंद झाले म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे; तो न्यायालयातून लोकांकडे परत आला, एवढाच त्याचा अर्थ.

चालती गाडी आणि उभी गाडी

ई-२० ने गाडीचे काही बिघडत नाही, हे सांगताना मंत्रालयाने परदेशी अभ्यासांचा आधार दिला. पहिल्या एक लाख किलोमीटरपर्यंत दर दहा हजार किलोमीटरला वाहनांची तपासणी केली, तेव्हा शक्ती आणि इंधनखर्च यांत लक्षणीय फरक दिसला नाही, असे ते अभ्यास सांगतात. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, पण त्याचा खर्च थोडा आहे, असेही सांगितले गेले. हे सारे खरे धरले तरी एक गोष्ट नजरेआड होते. ही सर्व मोजमापे किलोमीटरांत आहेत. ओसरीत पाच महिने उभ्या असलेल्या गाडीने एकही किलोमीटर कापलेला नसतो. तिच्या हालअपेष्टा महिन्यांत मोजाव्या लागतात, आणि महिन्यांचा हिशेब या खुलाशात नाही.

जो माणूस रोज गाडी चालवतो त्याच्या टाकीतील पेट्रोल आठवड्या-पंधरवड्यात संपते. त्याला ई-२० चा त्रास झालाच तर तो थोड्या जादा खर्चाचा होतो. उभ्या गाडीची गोष्ट निराळी आहे. इथेनॉल म्हणजे मद्यार्क, आणि मद्यार्काचे पाण्याशी मोठे सख्य. शुद्ध पेट्रोल पाण्याला जवळजवळ थारा देत नाही. टाकीत थोडे पाणी गेले तर ते तळाशी वेगळे बसते आणि काढून टाकता येते. मिश्र पेट्रोलात तेच पाणी मद्यार्काच्या आश्रयाने विरघळून राहते. एका मर्यादेपर्यंत यात वावगे काही नाही. दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंधरा अंश तापमानाला शेकडा सुमारे अर्धा भाग पाणी सामावून घेते आणि वीस टक्के मिश्रण त्याहून अधिक घेते. मात्र ही मर्यादा थंडीत खाली येते. ती ओलांडली गेली की पाणी मद्यार्काला बरोबर घेऊन तळाशी जाते. वर उरते ते कमी प्रतीचे पेट्रोल आणि खाली राहतो तो मद्यार्कमिश्रित पाण्याचा थर. इंजिनाकडे जाणारी वाट टाकीच्या तळाकडूनच निघत असल्याने प्रथम तोच थर ओढला जातो.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. हवेतील दमटपणामुळे बंद टाकीत बघता बघता पाणी साचते, अशी भीती घातली जाते. ती पुरती खरी नाही. मराठवाड्याच्या हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. दिवसा तापलेली टाकी वाफ बाहेर टाकते आणि रात्री गार झाली की बाहेरची हवा आत घेते. या श्वासोच्छ्वासाने ओल आत येते, पण सावकाश. पाणी भराभर शिरते ते झाकणाच्या झिजलेल्या रबरातून, पावसात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या गाडीत किंवा गाडी धुताना. आणि शुद्ध पेट्रोलही महिनोन्‌महिने ठेवले तर बिघडतेच. त्याचा सगळा दोष मद्यार्काच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि मद्यार्काने त्यात तीन गोष्टींची भर घातली आहे. पाणी धरून ठेवल्यामुळे लोखंडी टाकी, जस्त व अ‍ॅल्युमिनियम यांवर गंज-चट्टे चढण्यास ते मदत करते. जुन्या बनावटीचे रबर ते फुगवते व ठिसूळ करते. आणि टाकीच्या अंगाला वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळ सोडवून तो कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांकडे पाठवते. सगळ्यांत आधी बिघडते ते कार्बोरेटरच्या वाटीतले चार चमचे पेट्रोल. ते थोडे असते आणि हवेच्या संपर्कात असते. त्याचे हलके अंश उडून गेले की मागे चिकट साका राहतो.

हा धोका कोणाच्या वाट्याला येतो, याचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे सामाजिक स्वरूप स्पष्ट होते. २०२३ च्या एप्रिलपासून निघालेल्या नव्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० सोसतील असे बनवले जाऊ लागले. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे निकष आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. पण गरिबाच्या घरी येणारी गाडी बहुधा नवी नसते. ती शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून वाडीवर दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेली असते. म्हणजे जुनी गाडी गरिबाकडे आणि उभी गाडीही गरिबाकडे. स्थलांतर हा ज्यांच्या जगण्याचा नियम झाला आहे त्यांचीच वाहने सहा-सहा महिने थांबतात. मुंबईत चाळीत राहून शिमग्या-गणपतीला कोकणात जाणारा गिरणी कामगाराचा मुलगा, आखातात गेलेला रत्नागिरीचा तरुण, आणि मराठवाड्याचा ऊसतोड मजूर हे सारे एका रांगेत उभे आहेत. देशातील नोंदणीकृत वाहनांत दुचाकींचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असताना धोरणाची चर्चा मात्र मोटारगाडीच्या मायलेजभोवती फिरते.

आणि ही फटफटी चैनीची वस्तू आहे काय? एस.टी.च्या फेऱ्या जेथे बंद झाल्या किंवा कधी सुरूच झाल्या नाहीत, तेथे गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्याचे साधन तीच आहे. २०२१-२२ च्या प्रदीर्घ एस.टी. संपात ग्रामीण महाराष्ट्राने हे अनुभवले. डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरत असत. सामान्य माणसाच्या हाती राहील, त्याला चालवता येईल आणि दुरुस्त करता येईल असे यंत्र त्यांना अभिप्रेत होते. जुनी मोटारसायकल हे त्या अर्थाने लहान यंत्रच आहे. ज्याच्या इंधनाची रचना दिल्लीत बदलते आणि ज्याच्या मालकाला ते कोणी सांगत नाही, असे लहान यंत्र मात्र पुन्हा मोठ्या यंत्रणेचे गुलाम होते.

करता येण्याजोगे

सरकार जागे होईपर्यंत गाड्या बंद पडू द्याव्यात, ही काही क्रांतिकारक भूमिका नव्हे. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे तुरुंग आणि मतपेटी यांच्याबरोबर फावडेही ठेवले होते. या प्रश्नातले फावडे म्हणजे पाना आणि पेचकस. उभ्या गाडीचे नुकसान टाळण्याचे उपाय सोपे आहेत, ते गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक आहेत. फक्त ते वेळेवर, म्हणजे ट्रक सुटण्यापूर्वी व्हावयास हवेत.

पहिला उपाय कार्बोरेटरच्या गाडीचा, आणि तो फुकट आहे. गाडी उभी करण्याच्या दिवशी पेट्रोल कॉक बंद करावा आणि इंजिन चालू ठेवून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबावे. वाटीतले पेट्रोल अशा रीतीने बहुतेक जळून जाते. त्यानंतर वाटीच्या तळचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब निथळू द्यावेत आणि स्क्रू पुन्हा घट्ट करावा. साका धरण्यास तेथे काही उरत नाही. एवढ्या एका कामाने निम्म्याहून अधिक डोकेदुखी टळते, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा उपाय टाकीचा. कंपन्यांची माहितीपुस्तके सांगतात, की गाडी बराच काळ उभी करताना टाकी काठोकाठ भरावी, कारण भरलेल्या टाकीत हवेला आणि ओलीला जागा उरत नाही व पत्रा गंजत नाही. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण लिटरला शंभर रुपयांहून अधिक मोजून भरलेले दहा लिटर पेट्रोल सहा महिने कुलपाविना ओसरीत ठेवणे कोणत्या मजुराला परवडेल? त्याने दुसरा मार्ग घ्यावा: टाकी पूर्ण रिकामी करावी, ते पेट्रोल रोज चालणाऱ्या शेजाऱ्याच्या गाडीत घालावे, टाकी वाळू द्यावी आणि इंजिन ऑइलचे चार-सहा चमचे आत ओतून टाकी सर्व बाजूंनी कलती करावी, म्हणजे पत्र्यावर तेलाचा पातळ हात बसतो. सर्वांत वाईट अवस्था अर्ध्या टाकीची. तेथे पेट्रोलही बिघडते आणि पत्राही गंजतो. काढलेले पेट्रोल बाटल्यांत भरून चुलीच्या घरात ठेवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. गाडीच्या दुरुस्तीपेक्षा घराची राख फार महाग पडते.

तिसरा उपाय झाकणाचा आणि नळीचा. झाकणाचे रबर चिरलेले असल्यास बदलावे. पेट्रोलची नळी बोटांनी दाबून पाहावी. ती चिकट, फुगीर किंवा तडकलेली वाटली तर नवी घालावी, आणि ती मिश्र पेट्रोल सोसणाऱ्या रबराची आहे ना, हे दुकानदाराला विचारावे. गाडी छपराखाली, डबल स्टँडवर उभी करावी. बॅटरीची एक तार सोडून ठेवावी.

घरी कोणी जाणते माणूस मागे राहत असेल तर चौथा उपाय करता येतो, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला तोच अधिक योग्य. तिच्या टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला असावा लागतो आणि कार्बोरेटर नसल्याने निथळून काढण्याजोगी वाटीही नसते. अशी गाडी टाकी शक्यतो भरलेली ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी पंधरा मिनिटे खरोखर रस्त्यावर फिरवून आणावी. जागेवर दोन मिनिटे घरघर करून बंद केल्याने इंजिन तापत नाही आणि आत उलट ओलच धरते. पेट्रोल टिकवणारे द्रव्य बाजारात मिळते. ते वापरायचे असेल तर ताज्या पेट्रोलात घालून गाडी थोडी चालवावी, म्हणजे ते सर्व भागांत पोचते. बिघडलेल्या पेट्रोलात ते घालून काही साध्य होत नाही.

परत आल्यावर प्रथम किक मारू नये. टाकीत पेट्रोल ठेवले असेल तर तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, ते गढूळ वाटले किंवा आंबूस वास आला, तर सर्व पेट्रोल काढून टाकावे. त्यात नवे पेट्रोल ओतून भागवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तळाला गेलेले पाणी त्याने नाहीसे होत नाही. ताजे पेट्रोल घालून, प्लग पुसून, मगच किक मारावी.

हे सारे काम एका दुपारचे आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरोघर कोयता, नांगर आणि गाडी यांची पूजा होते. त्याच दिवसांत, ऊसतोड मजूर गाव सोडण्यापूर्वी, तालुक्यातील एखाद्या मेकॅनिकला बरोबर घेऊन वाडीवाडीवर एक दिवसाचे शिबिर भरवणे कोणत्याही शाखेला शक्य आहे. हळदी-कुंकवाइतकाच वाटीचा स्क्रू महत्त्वाचा आहे, हे लोकांना हसतखेळत पटते. मात्र शिबिरात पाना फिरवता फिरवता दुसरीही गोष्ट बोलली गेली पाहिजे: ही झीज कोणाच्या निर्णयामुळे झाली आणि तिची किंमत कोणी द्यावयाची.

मागणी कशाची

रचनात्मक काम अन्यायाला टेकू देण्यासाठी नसते. अन्याय लोकांच्या नजरेस आणण्यासाठी असते. त्या दृष्टीने चार मागण्या स्पष्टपणे पुढे आल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक पंपावर पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे कळण्याचा हक्क साध्या बिस्किटाच्या पुड्याला आहे, तो पेट्रोलला नाकारण्याचे कारण नाही. दुसरी, २०२३ पूर्वीच्या वाहनांसाठी निदान प्रत्येक तालुक्याला एका पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल मिळावे. तिसरी, लिटरमागे जी ऊर्जा घटली तिच्या प्रमाणात दुचाकीधारकासाठी करात कपात व्हावी, आणि जुन्या दुचाकींचे रबरी भाग बदलून देण्याचा भार तेल कंपन्या व वाहन उत्पादक यांनी उचलावा. हे भाग स्वस्त आहेत असे सरकारच म्हणते; मग जे स्वस्त आहे त्याचा भार ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना जड वाटू नये.

चौथी मागणी अधिक मूलगामी आहे. उसातून साखर निघो की इथेनॉल, तोडणाऱ्याला मजुरी मिळते ती टनावर. २०२४ च्या जानेवारीत दीर्घ वाटाघाटींनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ती स्वागतार्ह होती. परंतु इथेनॉलमुळे कारखान्याला जे नवे उत्पन्न मिळाले, त्यात कोयत्याचा म्हणून वेगळा वाटा कोठेच धरलेला नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे; इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे ठरावीक रक्कम त्याच्याकडे जमा करण्याची सक्ती कारखान्यांवर करता येईल. त्या रकमेतून हंगामी वसतिगृहे, मागे राहिलेल्या वृद्धांची औषधे आणि स्त्री-मजुरांच्या आरोग्याची देखभाल यांची व्यवस्था व्हावी. आणि जमाखर्चात पाणीही धरावे लागेल. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे निती आयोगाच्या अहवालातच नमूद आहे. ज्या मराठवाड्यातून माणसे पाण्याअभावी ऊस तोडायला बाहेर पडतात, त्याच मराठवाड्यातही उसाचे क्षेत्र वाढत राहते, ही गोष्ट या हिशेबाबाहेर ठेवता येणार नाही.

ब्राझीलचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्या देशाने मद्यार्क-इंधनाची राष्ट्रीय योजना हाती घेतली. त्या उदाहरणाचे दोन भाग मात्र येथे सांगितले जात नाहीत. एक म्हणजे तेथील पंपावर मिश्र पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल असे दोन्ही पर्याय असतात, ग्राहक दर पाहून निवड करतो, आणि कोणतेही मिश्रण चालेल अशा मोटारसायकली तेथे २००९ पासून विकल्या जात आहेत. दुसरा भाग १९८४ चा आहे. साओ पाउलो राज्यातील ग्वारिबा या गावी, मद्यार्काची भरभराट ऐन भरात असताना, ऊसतोड मजुरांनी उठाव केला. पाच ओळींऐवजी सात ओळी तोडण्याची सक्ती त्यांच्यावर लादली गेली होती. त्या संपाने मालकांना वाटाघाटीस बसवले आणि ती सक्ती मागे घ्यावी लागली. इंधनाचे स्वावलंबन हे तोडणाऱ्याच्या परावलंबनावर उभे असेल, तर ते टिकत नाही, हा ग्वारिबाचा धडा आहे.

देशाचे परकीय चलन वाचले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्या बचतीचा थोडासा हिशेब पाटोद्याच्या ओसरीतही मांडला गेला पाहिजे. तेथे गोणपाटाखाली एक जुनी गाडी उभी आहे आणि तिचा मालक या घटकेला कोणत्या तरी फडात पहाटेच्या थंडीत कोयता चालवीत आहे. तो परत येईल तेव्हा ती पहिल्या किकेला सुरू व्हावी, एवढी व्यवस्था कार्यकर्त्यांना करता येईल. ती बंद पडण्याची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये, ही व्यवस्था मात्र राजकारणालाच करावी लागेल. आणि ते राजकारण येत्या दसऱ्यापूर्वीच सुरू व्हावयास हवे.